वास्तू, वीज आणि विवेक
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)

 

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वाडवडिलांनी पै-पै जमवून ही वास्तू उभारली. आता तिचे नूतनीकरण करताना प्रवचन-सभागृह संपूर्ण वातानुकूलित करावे, अशी सूचना आली आहे. उन्हाळ्याचा उकाडा वृद्धांना सोसवत नाही, ही त्यामागची तळमळ खरी आहे. या प्रश्नाचा विचार श्रावकाच्या दृष्टीने व्हावा, एवढीच माझी विनंती.

आपल्या धर्माने पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती यांतही जीव पाहिला. वीज सचित्त की अचित्त, याविषयी संप्रदायांत मतभेद आहेत. तो निर्णय आचार्यांचा. परंतु ती येते कोठून, याविषयी दुमत नाही. चंद्रपूर, कोराडी येथील औष्णिक केंद्रांत खाणीतला कोळसा जळतो. अशा विजेच्या एका युनिटामागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. गृहस्थाला वीज वर्ज्य नाही. पण श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण हेही एक व्रत आहे. प्रयोजनावाचून होणारी हिंसा टाळणे, हा त्याचा अर्थ. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा हा अनर्थदंडच नव्हे काय?

साधू-साध्वीजी परंपरेने पंखा वापरीत नाहीत. म्हणूनच जुने उपाश्रय बांधताना जाड भिंती, उंच छत आणि समोरासमोर खिडक्या ठेवीत. जिथे यंत्र नाही, तिथे वास्तूनेच गारवा द्यावा लागतो. केंद्र शासनाने 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. तिचा पहिला भागही यंत्रांविषयी नसून भिंती, छप्पर व खिडक्यांविषयी आहे.

तेव्हा क्रम असा असावा. प्रथम उष्णता आत येऊ न देणे. गच्चीला चुन्याचा किंवा उष्णतारोधक पांढरा लेप द्यावा. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून छज्जा किंवा चिका लावाव्यात. आतील पडदा ऊन काचेतून आत शिरल्यावर अडवतो, म्हणून तो पुरेसा नाही. पुढील पायरी उपकरणांची. साधा छताचा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी पंखा सुमारे 30 वॅट. समजा सभागृहात 40 पंखे आहेत आणि ते चातुर्मासाचे 120 दिवस रोज 6 तास चालतात. तर केवळ पंखे बदलल्याने सुमारे 1300 युनिट वाचतील. वाऱ्यात मात्र काही उणे पडणार नाही.

एवढे करूनही वृद्ध व आजारी श्रावकांना त्रास होणारच असेल, तर सभागृहालगतची एक लहान खोली वातानुकूलित करावी आणि प्रवचन तिथे ऐकू येईल अशी सोय करावी. यंत्र 24 अंशांवर ठेवावे. त्यांची काळजी घेणे ही अनुकंपाच आहे. परंतु काही जणांच्या गरजेसाठी संपूर्ण सभागृह गार करणे, हा परिग्रह ठरेल.

गच्चीवरील सौरऊर्जा अवश्य आणावी, पण शेवटी. अपव्यय न थांबवता सौरपट्ट्या बसवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

विश्वस्तांना माझी नम्र सूचना आहे : वातानुकूलनाचा निर्णय एक उन्हाळा पुढे ढकलावा. गच्ची, खिडक्या व पंखे यांची कामे आधी करावीत. सभागृहात तापमापक लावून रोजची नोंद ठेवावी, वीजबिलेही जपावीत. त्या आकड्यांवरून पुढील उन्हाळ्यानंतर सर्वांनी मिळून निर्णय घ्यावा. वाडवडिलांनी आपल्याला वास्तू दिली. आपण पुढच्या पिढीला तिच्याबरोबर विवेकही देऊया.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!