ओट्याखालचं कपाट

नागपंचमीला शिराळ्यात गर्दी लोटते, घरोघरी पाहुणे येतात, आणि त्याआधी स्वयंपाकघर नवं दिसावं म्हणून घाई सुरू होते. सुतारकामाला नेमका तोच काळ वाईट. वारणेच्या खोऱ्यात तेव्हा हवाच ओली असते. सनमायक्याचा गोंद वेळेवर सुकत नाही, सागवानी चौकट फुगलेली असते आणि उन्हाळ्यात आकसून फट दाखवते. ज्याला कपाटं घरीच करायची आहेत, त्याने चैत्र-वैशाख गाठावा.

श्रोतेहो, कागद-पेन्सिल हाताशी असेल तर एक छोटं गणित. प्लायची पूर्ण शीट 8 बाय 4 फुटांची. तिच्यातून 2 फूट रुंदीच्या दोन पट्ट्या सहज निघतील असं वाटतं, निघत नाहीत. करवतीचं पातंच सुमारे 3 मिलिमीटर खाऊन जातं आणि दुसरी पट्टी कमी भरते. म्हणून 24 इंचांच्या ओट्याखाली कपाटाची खोली 22 इंचच धरावी. दार लागल्यावरही ओट्याची कड इंचभर पुढे राहते, आणि ओघळलेलं पाणी दारावरून न उतरता जमिनीवर पडतं.

पण ओट्याखाली प्लायचा सांगाडा हवाच का? या भागासाठी सरळ उत्तर: नको. उभे कडप्पे लावून कप्पे करून घ्यावेत. या काळ्या दगडाला वाळवी लागत नाही आणि पाण्याने तो फुगत नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णा-वारणाकाठची कितीतरी घरं काही दिवस पाण्यात होती. तशा पाण्यात पार्टिकल बोर्ड चहात बुडवलेल्या पावासारखा होतो. कडप्पा धुऊन पुसला की झालं. मग घरी करायची राहतात ती दारं आणि ट्रॉल्या, आणि हौशी माणसाला तेवढं काम पुरेसं असतं.

दारांसाठी आयएस 710 हा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यावा. या मानकाच्या चाचणीत प्लायचा तुकडा 72 तास उकळतात. तरीही कापलेल्या कडा उघड्या ठेवू नयेत. पाणी शिरतं ते कडेतूनच, आणि दाराची खालची कड हमखास विसरली जाते.

ट्रॉलीचं माप घेताना गवंड्यावर विश्वास ठेवू नये. कडप्पा क्वचितच ओळंब्यात असतो. वर, मध्ये आणि खाली अशी तीन मापं घ्यावीत, सर्वांत कमी असेल ते धरावं आणि त्यातून 1 इंच वजा करावा. टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो. चौकट काटकोनात आहे की नाही हे गुण्यापेक्षा कर्ण चांगलं सांगतात. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच खिळे ठोकावेत.

सिलिंडरच्या कप्प्याला बंद दार लावण्याचा मोह मात्र आवरावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. दार हवंच असेल तर जाळी अगदी जमिनीलगत ठेवावी. नुसती वरची भोकं पुरत नाहीत. रेग्युलेटरपर्यंत हात पटकन पोहोचला पाहिजे.

भिंतीवरच्या कपाटांचं काम त्यामानाने सोपं, पण आधी भिंत ओळखावी. जुनी दगड-मातीची भिंत स्क्रू धरत नाही. तिथे मांडणी जमिनीवरूनच उभी करावी आणि डबे-बरण्यांचा भार तिच्या पायांवर येऊ द्यावा.