आमच्या मताचं काय?

मंडळी, २० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात मतदान झालं. बहिणींना १५००, २१०० की ३०००, प्रचारभर हीच बोली. आपलं नाव कुणी काढलं? काढतील कशाला! २०१० च्या दुरुस्तीमुळे फॉर्म ६ए भरून आपण मतदार होतो, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन गावच्याच केंद्रावर जावं लागतं. राबिघहून जेद्दा, मग मुंबई, पुढे एसटी. आणि रजा कोण देतो? प्रॉक्सी मतदानाचं विधेयक २०१८ ला लोकसभेत पास झालं, २०१९ ला बाद. केरळने १९९६ मध्येच परदेशातल्या माणसांसाठी वेगळं खातं काढलं. तरी फॉर्म भरा, ऑनलाइन होतो. उमेदवार दारात आला की घरच्यांना हे विचारायला सांगा.