खेळण्यातली क्रियापदं

आपल्या स्वयंपाकघरात एक वस्तू अशी आहे, जिचं नाव आणि काम एकच आहे. लाटणं. हातात धरतो तेही लाटणं आणि त्याने जे करतो तेही लाटणंच. जरा शोधू लागलं की मराठीत अशा जोड्या भराभर सापडतात. किसणी आणि किसणं, चाळणी आणि चाळणं, गाळणी आणि गाळणं, खवणी आणि खवणं. उलथनं हे उलथण्यासाठीच असतं. आमच्या मालवण किनाऱ्यावर आलात तर वल्ह्याने वल्हवतात, पाग फेकून पागतात आणि गरी टाकून गरवतात. पाग म्हणजे एकट्या माणसाने फेकायचं गोल जाळं आणि गरी म्हणजे गळ, हे घाटावरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. हत्यार आणि क्रियापद एकाच पोटातून जन्मल्यासारखे.

आज मला बोलायचं आहे ते दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलांच्या खेळाबद्दल. खोट्या खोट्या हत्यारांच्या खेळाबद्दल. मी शिक्षणतज्ज्ञ नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण शब्द माणसाच्या तोंडात कुठून येतात, हा माझ्याही धंद्याचा प्रश्न आहे. आणि मला असं दिसतं की नामं बोट दाखवून शिकवता येतात. चंद्र, काऊ, माऊ. क्रियापद मात्र बोट दाखवून शिकवता येत नाही. ते हाताने करावं लागतं.

साधारण दीड वर्षाचं मूल रिकामा पेला तोंडाला लावून पाणी प्यायल्याचं सोंग करतं आणि आपल्याकडे बघून हसतं. पुढे ते बाहुलीला पाणी पाजतं. दोन-अडीचच्या सुमाराला काठी घोडा होते, चप्पल फोन होते. लेव विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ साली खेळावर एक व्याख्यान दिलं होतं. त्यात त्याने हाच काठीचा घोडा घेतला आणि सांगितलं की, इथे मुलाच्या मनात अर्थ वस्तूपासून सुटा व्हायला लागतो. काठी हातात असते, पण अर्थ घोड्याचा असतो. कवितेत आम्ही आयुष्यभर याहून फार वेगळं काही करत नाही.

आता बाजारात काय मिळतं ते पाहा. प्लास्टिकची पेटी, तिच्यात पिवळा हातोडा, लाल करवत, निळा पाना. दिसायला सुरेख. पण त्या करवतीने काही कापलं जात नाही, पान्याने काही आवळलं जात नाही. मूल पाच मिनिटांत ओळखतं की या सगळ्यांचं काम एकच, आपटणं. सात हत्यारं आणि क्रियापद एक. मग ती पेटी कॉटखाली जाते आणि मूल आईच्या हातातली चाळणी ओढायला येतं. आपण म्हणतो, एवढी महागाची खेळणी आणली आणि याला भांडीच हवीत! बरोबर आहे त्याचं. चाळणी खरोखर चाळते.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपलं पहिलं बालगृह काढलं, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. खेळणी ठेवलेली असूनही मुलं खऱ्या कामाकडे वळत. झाडणं, ओतणं, पुसणं. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती पद्धत उचलली. पण ताराबाईंचं मोठेपण मला वाटतं ते पुढचं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. परदेशी पद्धतीची महागडी साधनं त्या पाड्यांवर परवडणार कशी? मग शंख, शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथला आहे. एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाड्या त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९७५ साली सुरू झाल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वयाला पायाभूत टप्पा म्हटलं, खेळातून शिक्षण म्हटलं आणि २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ नावाची खेळण्यांची पेटी आली. चांगलं झालं. पण तीन वर्षांच्या आधीचं मूल घरातच असतं आणि त्याची पेटी घरच्यांनीच भरायची असते.

माझ्या घरातली पेटी म्हणजे एक जुनी रोवळी आहे. अडीच वर्षांची नात सुट्टीला येते, तेव्हा ती खाली निघते. तिच्यात काय काय आहे, ते सांगतो. नारळाच्या दोन करवंट्या, कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेल्या. एका करवंटीला दांडा बसवलेला आहे, ती डवली. लहानसं सूप. लाकडाचा छोटा ठोकळा, तोच हातोडा. बोटाएवढ्या जाड आणि वीतभर लांब चार खुंट्या. सावंतवाडीचं पोळपाट-लाटणं. आणि एक मोठा लाकडी नटबोल्ट, तो एका सुतारमित्राने करून दिला.

परड्यात केळ तोडली की खोडाचा हातभर तुकडा मी बाजूला ठेवतो. केळीचं खोड म्हणजे लहान मुलांचं लाकूड. त्यात खुंटी ठेवून ठोकळ्याने चार टोले दिले की ती सरसर आत जाते. मूल आधी खुंटी सोडून भलतीकडे मारतं, मग एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मारायला शिकतं. दोन हातांना दोन वेगळी कामं देणं ही त्या वयात फार मोठी गोष्ट असते. आणि शब्द बघा किती येतात: ठोकणं, रुतणं, उपटणं, भोक पडणं, वाकडं, सरळ, खोल. तेवढ्या अर्ध्या तासात आपण हे शब्द नुसते बोलत राहायचं, शिकवायचं नाही. ‘म्हण बघू’ असं तर मुळीच नाही. खेळाच्या मध्ये परीक्षा आली की मूल खेळणं टाकून निघून जातं, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही गेलो असतो.

पसरट घमेल्यात चार बोटं पाणी आणि त्यात एक करवंटी दिली, की उपसणं, ओतणं, सांडणं, भरणं, गळणं. सुपात शेवग्याच्या वाळक्या शेंगांचे वीतभर तुकडे दिले की पाखडण्याचं सोंग. पालथं घातलेलं बाक म्हणजे होडी, केरसुणी म्हणजे वल्हं. आणि सगळ्यात मोठा खेळ रापणीचा. किनाऱ्यावर रापण ओढताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे. होडीतून जाळं अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढत आणतात. मागे शेपटाला लहान पोरं लटकलेली असतात, त्यांच्या ओढण्याने काही होत नाही आणि तरी ती ओढत असतात. घरात जुनं लुगडं घ्यावं, त्याच्या मध्यभागी बाहुल्या, उशा, जे असेल ते ठेवावं आणि दोन टोकांनी दोघांनी ओढावं. मग वाटे करावेत. आजीला एक, आईला एक, मांजराला एक. रापणीत वाटे असतातच. पाठीत ताकद किती यावर सगळं ठरत नाही, हे त्या खेळात आपोआप येतं.

ईदच्या आदल्या दिवशी घरात खारीक-बदाम कुटत होते. नातीला तिचा लाकडी खलबत्ता आणि मूठभर पोहे दिले. तासभर तिने पोहे कुटले. तिचे पोहे शीरखुर्म्यात गेले नाहीत हे तिला सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

सावंतवाडीचा उल्लेख आला म्हणून थोडं विषयांतर करतो. मोती तलावाच्या गावातली चितारआळी आणि तिथली लाकडी खेळणी महाराष्ट्राला माहीत आहेत. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड, त्यावर रंग; फळं तर अशी की पाहुणा हात घालतो. गंजिफाही तिथलीच. तिथे भातुकली अजून मिळते: जातं, उखळ-मुसळ, पोळपाट-लाटणं. पण मी ज्या दुकानांत फिरलो, तिथे सुताराची हत्यारं खेळणं म्हणून मला दिसली नाहीत. ज्या हातांनी ही खेळणी घडतात त्या हातांतली पटाशी, करवत, रंधा यांचं खेळणं नाही. मुलींसाठी चूल आहे, मुलांसाठी बैलगाडी. आमची नात ठोकळ्याने खुंट्या ठोकते तेव्हा शेजारी कौतुक करतात, पण एखाद्या मुलग्याने पोळपाट-लाटणं घेतलं की हसतात. हे हसू वाईट. दोन वर्षांच्या मुलाला ते कळतं. तो लाटणं खाली ठेवतो, आणि पुढची पन्नास वर्षं घरात कुणीतरी दुसरं लाटत राहतं.

या हत्यारांच्या नावांची एक गंमत आहे. रंधा फारसीतून आला. घमेलं पोर्तुगिजांकडून आलं, दाराची बिजागरी तिकडूनच, चावीही तिकडूनच. लाटणं आणि सूप आपलं जुनं. दोन वर्षांचं पोर रोवळीत हात घालतं, तेव्हा त्याच्या हाताला इराण लागतो, लिस्बन लागतं, आणि त्याला सगळंच आपलं वाटतं. आम्हा मोठ्यांना यावर सभा घ्याव्या लागतात.

त्या लाकडी बोल्टवरून आठवलं. नटबोल्टशी खेळताना नातीने ‘पाना’ हा शब्द उचलला. दोन दिवसांनी तिची तीनचाकी माझ्याकडे ढकलून म्हणाली, ‘नाना, चाक पानव.’ असं क्रियापद कोशात नाही. पण गरीवरून गरवणं ज्याने पहिल्यांदा केलं असेल, त्यानेही हेच केलं असणार. मी चाक पानवून दिलं.

काळजीचं दोन वाक्यांत सांगायचं होतं, पण ते पुरणार नाही. तीन वर्षांखालचं मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. सुपारी, चिंचोके, उंडीच्या बिया, मणी, गोट्या घशात अडकतात; त्या या पेटीत नकोत. ओल्या काजूबिया तर हातातही नकोत, सालीतल्या तेलाने कातडी भाजते. बटणासारखे छोटे सेल असलेली खेळणी घेतलीत तर सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे का ते पाहा. तो सेल गिळला तर जिवावर बेततं, वाट न बघता दवाखाना गाठायचा. चार बोटं पाण्यातही मूल बुडू शकतं, म्हणून पाण्याचा खेळ मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर, आणि खेळ संपला की घमेलं पालथं. जुन्या जाळ्याचा तुकडा देऊ नका, गळ्यात अडकतो. खरा कोयता, खरी विळी उंचावर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. तेव्हा हातच्या खेळण्यावर चिन्ह नसेल तर रंग कोणता वापरला हे कारागिरालाच विचारावं. चांगला कारागीर आनंदाने सांगतो.

मोबाइलबद्दल फार बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या मुलाला पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून जास्त नको. माझी तक्रार डोळ्यांपेक्षा वेगळी आहे. त्या काचेवर बोटाला एकच काम असतं, सरकवणं. आंबा सरकवा, हत्ती सरकवा, समुद्र सरकवा.

हे सगळं मी एकदा आमच्या वाडीतल्या एका बाईंना सांगत होतो. त्यांचे सासरे, दीर, नवरा सगळे मच्छीमार. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘भाऊ, तुमचा बरोबर आसात. पण माझ्या झिलाच्या हातात माका वल्हा नको. खेळातलाव नको.’ या बोलण्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. पावसाळ्यात होडी बाहेर काढलेल्या माणसाची वाट बघणं काय असतं, ते त्या मला शिकवू शकतात, मी त्यांना नाही. ज्या हत्याराने घरातल्या माणसांच्या पाठी मोडल्या, ते बाळाच्या हातात खेळणं म्हणून बघायला कुणाला आवडेल? शेतमजुराच्या घरात कोयत्याचं तेच, सफाई कामगाराच्या घरात झाडूचं तेच. शहरातल्या फ्लॅटमध्ये खोटा हातोडा ही हौस असते. जिथे बापाचा हातोडा पोराच्या माथी मारला जाण्याची भीती पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिथे ती हौस नसते.

मी त्यांना एवढंच म्हणालो की, विमानाचं खेळणं घेऊन कुणी वैमानिक होत नाही आणि वल्ह्याने खेळून कुणी खलाशी होत नाही. दोन वर्षांच्या पोराला धंदा दिसत नाही, त्याला फक्त बाबा दिसतो. बाबासारखं करायचं असतं. त्या काही बोलल्या नाहीत. पटलं असं मला वाटलं नाही.

पुढे एक दिवस त्यांच्या अंगणावरून जात होतो. बाक पालथं घातलेलं होतं. त्यात बसून पोरगा केरसुणीने जमीन वल्हवत होता, तोंडाने लाटांचा आवाज काढत. बाई मासे साफ करत ओसरीवर बसल्या होत्या. मला पाहिलं आणि पोराकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, ‘वल्हय रे, वल्हय. पण हंय थांबू नको, सरळ म्हमयक जा!’