पाहू म्हणता म्हणता

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात ऊर्जानगर येथे दिलेले भाषण)



मला बोलण्यासाठी विषय दिला आहे ‘आयुष्यातील मोठा निर्णय कसा घ्यावा’. निर्णय घेण्यात मी काही फार पटाईत माणूस नाही. उलट, न घेतलेल्या निर्णयांचा मला बराच अनुभव आहे, आणि कदाचित म्हणूनच सेक्रेटरीसाहेबांनी माझे नाव सुचविले असावे.

आपल्याकडे निर्णय टाळण्यासाठी एक फार सोयीचा शब्द आहे : ‘पाहू’. घरात आपण त्याला ‘देखेंगे’ म्हणतो. मुलगा दहावी झाला, पुढे काय? देखेंगे. मुलीला नागपूरला नर्सिंगला पाठवायचे का? देखेंगे. या शब्दात नकार नाही, म्हणून कोणी दुखावत नाही. होकारही नाही, म्हणून कोणती जबाबदारी येत नाही. पण प्रवेशाच्या तारखा आपल्यासाठी थांबत नाहीत.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आपल्याच वस्तीतली एक मुलगी विज्ञान शाखेतून बारावी झाली. गुण चांगले होते. तिला नर्सिंगला जायचे होते आणि त्यासाठी नागपूरला वसतिगृहात राहावे लागणार होते. तिचे वडील माझ्याकडे तीन वेळा आले. “सर, तुम्हीच सांगा, पाठवू की नको?” असे त्यांनी तिन्ही वेळा विचारले आणि तिन्ही वेळा मी म्हणालो, “विचार करून सांगतो, भाईजान.” खरे सांगायचे तर विचार करण्यासारखे काही उरले नव्हते. पाठवा असे मला मनातून वाटत होते. पण उद्या काही कमीजास्त झाले तर लोक म्हणतील की मास्तरने सांगितले, या भीतीने मी गप्प बसलो. तारीख गेली. मुलगी वर्षभर घरी बसली. तिने मला कधी एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि तेच मला जास्त लागले.

निर्णय न घेणे म्हणजे अज्ञान असे आपण समजतो. माहिती मिळाली की माणूस ठरवील, असे वाटते. माझा अनुभव निराळा आहे. पुष्कळदा माहिती पुरेशी असते, फक्त भीतीला आपण ‘विचार’ असे नाव दिलेले असते.

या भीतीबद्दल आपल्या जिल्ह्यातल्याच एका माणसाचे चरित्र फार बोलके आहे. येथून एस.टी.ने वरोऱ्याला जायला फारसा वेळ लागत नाही. आनंदवन आपण सहलीत पाहिलेले असते, पण ते उभे राहण्याआधीची गोष्ट मुलांना ठाऊक नसते. बाबा आमटे वरोऱ्याला वकिली करीत होते. घरची जमीनदारी, चालती वकिली, नगरपालिकेचे उपाध्यक्षपद, सगळे जमलेले होते. सफाई कामगारांचे काम स्वतः अनुभवावे म्हणून त्यांनी डोक्यावरून मैला वाहिला होता. म्हणजे माणूस भित्रा नव्हता. अशा माणसाला एका पावसाळी रात्री गटाराच्या कडेला चिंध्यांचे गाठोडे दिसले. जवळ जाऊन पाहिले तर तो हातापायांची बोटे झडलेला, मरणपंथाला लागलेला महारोगी होता. त्याचे नाव तुळशीराम. बाबा घाबरले आणि तेथून पळाले. हे पळणे त्यांनी पुढे कधी लपवले नाही. ते परत गेले, तुळशीरामला पावसापासून आडोसा केला, त्याला खाऊ घातले. तो वाचला नाही. पण आपण पळालो ही गोष्ट बाबांना पुढे किती तरी दिवस स्वस्थ बसू देईना.

आता विद्यार्थ्यांनी येथे नीट लक्ष द्यावे. चरित्रे वाचताना वाटते की मोठ्या माणसांना एका रात्रीत प्रकाश दिसतो आणि सकाळी ते घर सोडून निघतात. तसे झाले नाही. बाबांनी पत्नी साधनाताईंशी बोलून त्यांची संमती घेतली. 1949 साली ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घ्यायला गेले. वकील माणूस, पस्तिशीच्या घरात आलेला, पुन्हा विद्यार्थी झाला. कुष्ठरोगावर गुणकारी औषधे त्या काळात नुकतीच हाती येऊ लागली होती. मग सरकारकडून वरोऱ्याजवळ 50 एकर खडकाळ, झुडपी जमीन मिळाली आणि 1951 साली सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये एवढ्या भांडवलावर ते तेथे राहायला गेले. पदरात दोन लहान मुले होती. तुळशीराम आणि आनंदवन यांच्यामध्ये जो काळ गेला, तो केवळ घालमेलीचा काळ नव्हता. त्या काळात ते शिकत होते. आपण जेव्हा ‘पाहू’ म्हणतो तेव्हा त्या मधल्या काळात काय करतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि मला उत्तर देता आले नाही.

त्यांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे नागपूरला शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण घेत होते. ते अर्धवट सोडून पत्नी डॉ. मंदाकिनी यांच्यासह ते भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे गेले. लोकबिरादरी प्रकल्प 1973 साली सुरू झाला. तेथे वीज नव्हती, धड रस्ता नव्हता, माडिया भाषा येत नव्हती, आणि सुरुवातीला रुग्णही येत नव्हते. हे ऐकून एखाद्या पालकाच्या पोटात गोळा येईल, की सर आमच्या मुलांना शिक्षण सोडायला सांगतात की काय! तसे मुळीच नाही. नागपूरचे शिक्षण चांगले नव्हते म्हणून त्यांनी ते सोडले असे नाही. दोन चांगल्या गोष्टींपैकी एक सोडावी लागली. आपल्याला निर्णय जड जातो तो येथेच. काहीही न गमावता सर्व काही मिळावे, असा तिसरा रस्ता आपण शोधत बसतो आणि तो सहसा नसतो.

आता आपल्या ऊर्जानगरचे पाहू. (पाहा, हा शब्द सुटत नाही!) वीज केंद्राचा पहिला संच 1983 साली सुरू झाला. त्या पिढीत ज्यांना येथे कायम नोकरी लागली त्यांचे घर उभे राहिले, मुले शिकली, हे उपकार आपण विसरू नये. पण त्यामुळे आपल्या मनात एक गोष्ट घट्ट बसली : शेवटी प्लँट आहेच. आज ते 210 मेगावॅटचे पहिले दोन्ही संच बंद झालेले आहेत. त्यांच्या जागी 500 मेगावॅटचे नवे संच आले, पण वीज वाढली म्हणून माणसेही त्याच प्रमाणात लागतात असे नाही. आणि पुष्कळसे काम ठेकेदारामार्फत चालते. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याची वाट पाहत तिशी गाठलेले तरुण माझ्या ओळखीचे आहेत. दाखल्यासाठी प्रयत्न जरूर करावा, तो हक्क आहे. पण वाट पाहता पाहता हाताला एखादे काम शिकवायला काय हरकत आहे?

मी स्वतः बी.ए. झाल्यावर एका ठेकेदाराकडे कोळशाच्या कामावर हजेरी लिहीत होतो. बी.एड.ला जावे असे वाटे. दोन वर्षे पगार बंद होणार, बहिणीचे लग्न तोंडावर. मी पंधरा जणांना विचारले. सात म्हणाले जा, सात म्हणाले जाऊ नको, आणि एक म्हणाला, लग्न करून टाक. पहिले वर्ष असेच गेले. दुसऱ्या वर्षी अम्मीने एका रात्री विचारले, “नाही जमले तर काय होईल?” मी कागद घेऊन लिहिले. फी बुडेल, दोन वर्षे जातील, आणि परत हजेरी लिहावी लागेल. म्हणजे सर्वात वाईट काय, तर मी आज जेथे आहे तेथेच येईन. कागदावर लिहिल्यावर भीती बोटाएवढी उरली. काही दारे बाहेर पडल्यावर परत उघडतात, काही उघडत नाहीत. कोणते दार कसे आहे हे आधी पाहून घ्यावे, आणि परत उघडणाऱ्या दारापाशी फार वेळ उभे राहू नये.

इस्तिखाऱ्याबद्दलही थोडे बोलतो, कारण अनेक माता-भगिनी तो विषय काढतात. मी आलिम नाही, जाणकारांना विचारून सांगतो आहे. इस्तिखारा म्हणजे दोन रकात नमाज आणि त्यानंतरची दुआ, की हे काम माझ्या भल्याचे असेल तर सोपे कर, नसेल तर मला त्यापासून दूर ठेव. स्वप्न पडलेच पाहिजे अशी त्यात अट नाही. पण आपल्याकडे स्वप्नाची वाट पाहण्यात महिना जातो. कुरआनात मशवऱ्याची शिकवण आहे, आणि मशवऱ्यानंतर एकदा इरादा पक्का झाला की अल्लाहवर भरोसा ठेवण्याची. मधली पायरी, म्हणजे इरादा पक्का करण्याची, आपल्यालाच चढायची आहे. आपण मशवरा भरपूर करतो, भरोशाच्या गोष्टीही भरपूर करतो, आणि ती तेवढी राहून जाते.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. दुसऱ्या वर्षी तिच्या वडिलांनी मला विचारलेच नाही. रजा टाकून ते स्वतः नागपूरला गेले. वसतिगृह पाहिले, वॉर्डनबाईंशी बोलले, आपल्या समाजातल्या दोन मुली तेथे होत्या त्यांच्या पालकांचा पत्ता घेतला, आणि परत आले ते प्रवेश पक्का करूनच. वर्षभर माझ्याकडून जे झाले नाही ते त्या एका दिवसाच्या फेरीने झाले. मुलगी आता शिकते आहे. बकरीदला घरी आली तेव्हा तिने मोहल्ल्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजला, आणि माझाही. तो थोडा जास्त निघाला.

त्याच दिवशी तिच्या वडिलांनी धाकट्याला माझ्यापुढे उभे केले. तो दहावीला आहे, गणितात बरा आहे, पण मन यंत्रांत रमते. “सर, याचे काय करायचे?” मी ‘पाहू’ म्हणालो नाही. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघे चंद्रपूरच्या आय.टी.आय.ला जाणार आहोत. तेथील वर्कशॉप पाहू, शिक्षकांशी बोलू, आणि एखादे पॉलिटेक्निकही पाहून येऊ. आणखी कोणाला यायचे असेल तर आज निघण्यापूर्वी माझ्याकडे नाव द्यावे.