लिहिणाऱ्याचे वाचन



यंदा स्मरणिकेचे काम आम्हा चौघांकडे आले. विषयांची पुनरावृत्ती होऊ नये म्हणून आम्ही मंडळाच्या कपाटातून आधीच्या दहा वर्षांच्या स्मरणिका काढल्या आणि वाचायला बसलो. वाचता वाचता आमचेच जुने लेख पुढे आले, आणि खरे सांगायचे तर लाज वाटली. बरेचसे लेख 'गणपती ही विद्येची देवता' इथून सुरू झालेले. आजी आली की तिचे हात सुरकुतलेले, पाऊस आला की तो मुसळधार. आमच्यापैकी एकाच्या दोन लेखांचा शेवट तर सहा वर्षांच्या अंतराने शब्दन् शब्द तोच होता.

हे आळसामुळे झाले असे म्हणून सोडून देता आले असते. पण बोलता बोलता दुसरे कारण लक्षात आले. हुबळी-धारवाडात आपल्याला मराठी मिळते ती घरात, फार तर या मंडळात. बाजारात कानडी, कचेरीत कानडी किंवा इंग्रजी, मुलांच्या शाळेतही तेच. पुण्यातल्या माणसाच्या कानावर आणि डोळ्यांवर मराठी दिवसभर आपसूक पडत असते: दुकानाची पाटी, बसमधले भांडण, दारात पडणारे वर्तमानपत्र. आपल्या घरातली मराठी गोड आहे, पण ती जेवणखाण, दुखणीखुपणी आणि लग्नकार्य एवढ्यात फिरते. लिहायला बसले की ती पुरत नाही. मग हात आपोआप तयार वाक्यांकडे जातो. म्हणजे बोलण्याची भाषा आपल्याला आईकडून मिळाली, तरी लिहिण्याची भाषा आपल्याला वाचूनच मिळवावी लागणार.

असे कोणी करून दाखवले आहे का, हे शोधायला लांब जावे लागत नाही. जी. ए. कुलकर्णी याच धारवाडात राहिले. जन्म १० जुलै १९२३, बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचा. वाढले बेळगावात आणि सुमारे तीन दशके धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवले. 'निळासावळा' १९५९ साली आला, मग 'पारवा', 'हिरवे रावे', 'रक्तचंदन' आणि १९७२ मध्ये 'काजळमाया'. मराठी कथेला इतके पुढे नेणारा हा माणसू पुण्या-मुंबईत नव्हता, मालिका-मैफलींत नव्हता. सभासमारंभ त्यांनी कटाक्षाने टाळले. आज ते असते तर या कार्यक्रमालाही आले नसते! त्यांचा दिवस शिकवण्यात जाई आणि सोबत असे ती पुस्तकांची. त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड निघाले आहेत. ते उघडले की दिसते, हा माणूस एखाद्या पुस्तकाबद्दल पानेच्या पाने लिहितो. आवडले तर का, नाही आवडले तर कुठे बिनसले, हे सांगतो. वाचून झाले की पुस्तक मिटून ठेवणारे ते वाचक नव्हते.

त्यांच्या वाचनाची खरी खूण आम्हाला त्यांच्या अनुवादांत दिसली. अमेरिकन कादंबरीकार कॉनरॅड रिक्टर यांच्या तीन कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. ओहायोच्या जंगलात वस्ती करायला गेलेल्या कुटुंबाची ती कहाणी. मूळ नावे 'द ट्रीज', 'द फील्ड्स' आणि 'द टाऊन'. आम्ही चौघांनी आधी आमच्या परीने ही नावे मराठीत करून पाहिली: 'झाडे', 'शेते', 'शहर'. चूक काहीच नाही. जी.एं.नी नावे दिली 'रान', 'शिवार' आणि 'गाव'. झाडे मोजता येतात, रानात माणूस हरवतो. शेत एकाचे असते, शिवार साऱ्या गावाचे असते. 'शहर' म्हटले असते तर चार खोपटांतून वाढत गेलेली ती वस्ती पहिल्यापासून परकी वाटली असती. तिन्ही शब्द साधे, आपल्या आजोबांच्या तोंडचे. शब्दकोशात ते सर्वांनाच सापडतील. पण नेमक्या जागी आठवायला दोन गोष्टी लागतात. मूळ पुस्तक इतके सावकाश वाचलेले असावे लागते की त्यातली माती हाताला लागावी, आणि मराठी इतकी वाचलेली असावी लागते की त्या मातीचा शब्द हाकेच्या अंतरावर असावा.

वाचलेले पचले म्हणजे काय होते, तेही त्यांच्याकडेच दिसते. 'पिंगळावेळ'मधली 'ऑर्फियस' ही कथा ग्रीक पुराणातली. ऑर्फियसने मागे वळून पाहिले आणि पत्नी कायमची गमावली, हे जगाला ठाऊक आहे. जी.एं.नी ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. तो मागे का वळला, हे आपल्या परीने पुन्हा विचारले. उसनवारी आणि वाचन यांतला फरक आम्हाला इथे कळला.

आणि हे भाग्य एकट्या मराठीचे नाही. कन्नडचे वरकवी द. रा. बेंद्रे धारवाडचेच, घरची भाषा मराठी. त्यांनी कालिदासाचे 'मेघदूत' कन्नडमध्ये आणले. 'काजळमाये'ला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तो १९७३ चा, आणि बेंद्र्यांचे ज्ञानपीठही १९७३ चेच. जी.एं.नी पुढे तो पुरस्कार परत केला, ही गोष्ट वेगळी. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणे ही अडचणच असते असे नाही, एवढे या गावाने दाखवून दिले आहे.

आम्ही काही जी.ए. होणार नाही. पण वाचून आमच्यात काय फरक पडतो ते पाहायचे ठरवले. सलग चार रविवार चौघांनी मिळून 'पारवा'तल्या कथा मोठ्याने वाचल्या. एकाने वाचायचे, तिघांनी ऐकायचे. पाचव्या रविवारी आपापला एकेक जुना लेख त्याच पद्धतीने वाचला. नवीन काही सुचले असे झाले नाही. झाले ते एवढेच, की 'मुसळधार पाऊस' हे शब्द आले आणि वाचणारा स्वतःच थांबला. धारवाडचा पाऊस मुसळधार कधी असतो? तो रिपरिप लागून राहतो. दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळू देत नाही. जन्मभर त्या पावसात भिजूनही आम्ही लिहिताना दुसऱ्याच गावचा पाऊस लिहीत होतो. चांगल्या लेखकाच्या सहवासात चार आठवडे काढल्यावर आपले खोटे वाक्य आपल्याच कानाला खटकले. लिहिणाऱ्याला वाचनाचा पहिला उपयोग हाच असावा. म्हणून वाचन एकदा करून संपत नाही. कान पुन्हा बोथट होतो, पुन्हा वाचावे लागते.

तेव्हा एक विनंती. मंडळाच्या कपाटाची किल्ली कार्यालयात असते. पुढच्या स्मरणिकेला लेख देणाऱ्या प्रत्येकाने त्यातले एक तरी पुस्तक आधी न्यावे, घरात मोठ्याने वाचावे, मुलांना ऐकू येईल असे वाचावे. त्यांना सगळे कळले नाही तरी चालेल. शिवार हा शब्द त्यांच्या कानावर पडलेला असला, तर कधीतरी लिहिताना तो त्यांना सापडेल.