खारं वारं आणि गाडीची चकाकती चाकं

आज पापड-लोणच्याची नाही, गाडीच्या चाकांची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. गटाचा माल पोचवायला आता कितीतरी घरांत जुनी गाडी येते, आणि तिचा हप्ता आपल्याच कमाईतून जातो.

आमच्याकडेही अशीच जुनी गाडी घेतली. पेणहून पोह्याचे पापड भरायचे आणि वडखळ, नागोठणे करत रोह्याच्या दुकानांत द्यायचे. चाकं कशी, घासलेल्या ताटासारखी लखलखीत! त्यांना डायमंड कट अलॉय म्हणतात. पण एका पावसाळ्यानंतर पुढच्या चाकातली हवा दर चार दिवसांनी उतरू लागली. पंक्चर काही सापडेना. शेवटी टायरवाल्या दादांनी टायर उतरवून दाखवलं. टायर बसतो त्या कडेवर पांढरी भुकटी धरली होती आणि कड खरखरीत झाली होती. हवा तिथूनच झिरपत होती.

हे चाक अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे आपल्या जर्मनच्या टोपाचंच भावंडं. त्या टोपात आपण चिंचेचं सार ठेवत नाही, मीठ-पाणी रात्रभर ठेवलं तर डाग आणि बारीक खड्डे पडतात. चाकाचंही तसंच. कारखान्यात चाक आधी रंगवतात, मग लेथवर हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने समोरचा पातळ थर कापतात. खालचा उघडा धातू चमकतो. त्याच्यावर फक्त पारदर्शक लॅकरचा हात असतो. खडी उडून किंवा कठड्याला घासून लॅकरला टवका गेला की खारं पाणी आत शिरतं आणि लॅकरखाली पांढऱ्या दोऱ्यांसारखं पसरत जातं. आपल्या खारेपाटात वारंच खारं. त्यात गाडीतून मासळी नेली, तर टोपलीतलं पाणीही चाकांवर गळतं.

आता काय करायचं ते ऐका. आठवड्यातून एकदा चाकं साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने, मऊ फडक्याने धुवा. चाक गार असताना धुवा आणि आतली बाजूही धुवा. फरशीचं अ‍ॅसिड, धुण्याचा सोडा, तारेची घासणी चाकाला लावू नका. अ‍ॅल्युमिनियमला आंबट आणि खार, दोन्ही चालत नाहीत. मी हौसेने एका ठिकाणी गाडी धुवायला दिली होती. तिथे चाकांवर कसलंसं तेजाब मारलं. महिन्याभरात चाकं दुधाळ झाली.

चाकाचं बॅलन्सिंग करताना कडेला ठोकायच्या लोखंडी क्लिपऐवजी आतून चिकटवायची वजनं मागा. क्लिपने लॅकर खरवडलं जातं.

टवका लहान असेल तर लगेच स्वच्छ करून, कोरडा करून लॅकर लावून घ्या. पांढरे दोरे पसरले असतील तर वरून लॅकर मारून उपयोग नाही, आतली कीड चालूच राहते. सगळं लॅकर काढून चाक पुन्हा लेथवर कापावं लागतं. पण दर वेळी धातू पातळ होतो, म्हणून हे एक-दोनदाच करता येतं. दुसरा मार्ग म्हणजे चाक पूर्ण साफ करून एकसारखा रंग देणं. चमक जाते, पण धातू नीट झाकला जातो. चाकाला तडा असेल तर मात्र ते रंगवू नका, बदला.

आमच्या घरी यावर वाद झाला. मुलगा म्हणाला, "आई, चमक गेली तर गाडीची शोभाच जाईल." मी म्हटलं, "भरल्या गाडीत हवा उतरली तर शोभा कुठे ठेवायची?" चारही चाकांना राखाडी रंग दिला, टायरची कड साफ करून घेतली. हवा उतरायची थांबली. चाक काढून बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरने नट पुन्हा आवळून घ्या, हे विसरू नका.

आणि जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा सीट-पडदे नंतर बघा. आधी खाली वाका, चाकाच्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला पांढरं लागलं, तर तेवढे पैसे भावातून कमी करायला सांगा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.