दर्शनी दारावरचा खेळाडू



विद्यापीठांविषयी बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल. माझे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. विद्यापीठाची पायरी मी विद्यार्थी म्हणून चढलो नाही. परंतु घाम एकाचा आणि हिशेब दुसऱ्याच्या हाती, असे जिथे दिसते तिथे माझा विषय सुरू होतो.

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठाचे संकेतस्थळ उघडून पाहा. मुखपृष्ठ म्हणजे त्या संस्थेचे दर्शनी दार. तिथे प्रवेश, अभ्यासक्रम आणि संशोधन यांच्या पंगतीला ‘अ‍ॅथलेटिक्स’ हा शब्द बहुधा मांडलेला असतो. त्यावर बोट ठेवले की आपण निराळ्याच स्थळावर पोचतो. सामन्यांची तिकिटे, सदरे-टोप्यांची विक्री, देणगीचे आवाहन, आणि जिकडेतिकडे खेळाडूंची छायाचित्रे! ही नुसती हौस नव्हे. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक मावतात. नवा विद्यार्थी ओढायला आणि माजी विद्यार्थ्याचा खिसा सैल करायला हे चित्र उपयोगी पडते.

आता दारावरून हजेरीपटाकडे वळू. १९५५ साली कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा फुटबॉलपटू रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. (तिकडचा फुटबॉल हा अंगावर धावून जाण्याचा खेळ आहे.) त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे ठरले. त्याच काळात कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. खेळाडूला कायद्याने नोकर ठरवले जाईल या धास्तीतून तो घडवला, हे त्या संघटनेचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे १९९५ साली आपल्या पुस्तकात लिहिले. शब्दाने माणसाचा हक्क कसा कापता येतो, याचा हा धडा आहे.

२०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी युनियन मागितली. हंगामात आठवड्याला चाळीस ते पन्नास तास ते खेळाला देतात, असे दिसून आले, आणि कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने त्यांना कर्मचारी मानले. परंतु २०१५ साली वरच्या मंडळाने या प्रकरणात अधिकार चालवण्यासच नकार दिला. मार्च २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉलपटूंनी १३ विरुद्ध २ मतांनी युनियन पत्करली. कॉलेज वाटाघाटीला बसले नाही, आणि वर्षअखेर अर्ज मागे घ्यावा लागला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली. पहिल्या वर्षासाठी मर्यादा प्रत्येक संस्थेला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची. पैसा आला, पण ‘कर्मचारी’ हा दर्जा त्या तडजोडीने दिला नाही.

मंडळी, खेळाला माझा विरोध नाही. तरुणांच्या कसरतीचे चित्र विद्यापीठाने खुशाल दारावर लावावे. परंतु ज्याच्या चेहऱ्यावर संस्था आपला लौकिक वाढवते, तो जायबंदी झाला तर त्याचे कोण, याचे उत्तरही त्याच दाराआड मिळाले पाहिजे. चित्राला दुखापत होत नाही, माणसाला होते. म्हणून वाटाघाटीच्या मेजावर त्याला खुर्ची हवी, एवढेच माझे मागणे आहे.